वहीचा परतीचा प्रवास

सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली होती. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडायची वेळ आली, पण साथीमुळे त्या उघडता येईनात. शाळांचे अधीक्षक विल्यम जॉन्सन यांनी तेव्हा रेडिओचा आसरा घेतला. शहरातल्या सहा रेडिओ केंद्रांनी रोजचा काही वेळ फुकट द्यायचे कबूल केले आणि तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांची शाळा रेडिओवर भरू लागली. पाठ पंधरा-पंधरा मिनिटांचे. एक दिवस समाजशास्त्र आणि विज्ञान, दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि गणित. कोणत्या इयत्तेचा पाठ किती वाजता आणि कोणत्या केंद्रावर, हे सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येई. सोबत त्या दिवसाचे प्रश्न आणि गृहपाठही असे. शंका विचारण्यासाठी शिक्षण खात्याच्या कचेरीत फोनपाशी शिक्षक बसवले होते. फोन इतके येऊ लागले की या शिक्षकांची संख्या वाढवावी लागली.

ही शाळा जेमतेम तीन आठवडे चालली. करोनाच्या काळात अमेरिकी पत्रकारांना आणि अभ्यासकांना तिची पुन्हा आठवण झाली, आणि 'पाहा, आपल्या आजोबांनीही हे केले होते' अशा कौतुकाने तिच्याबद्दल लिहिले गेले. कौतुक योग्यच होते. पण त्या फोनकडे थोडे निरखून पाहायला हवे. शिकागोच्या योजनेत पाठ घरी पोहोचवायला सहा रेडिओ केंद्रे आणि शहरातली वर्तमानपत्रे होती. घरातून शाळेकडे काही परत यायचे, तर मात्र कचेरीतले ते मोजके फोन तेवढे होते. मुलाने लिहिलेला गृहपाठ शाळा उघडेपर्यंत घरीच राहायचा. ज्याला पंधरा मिनिटांत कळले नाही, ज्याच्या घरचा रेडिओ खरखरत होता किंवा रेडिओच नव्हता, त्याचे काय चुकते आहे हे शाळेला कळायला मार्ग नव्हता. म्हणून सगळा भार त्या फोनवर आला.

शिक्षणाला दोन प्रवास लागतात. पाठ शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातो, हा पहिला. विद्यार्थ्याने लिहिलेले शिक्षकाकडे जाते आणि त्यावर काही शेरा होऊन परत येते, हा दुसरा. वर्ग भरत असताना दुसरा प्रवास आपल्या लक्षातही येत नाही. वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला जातो आणि दोन दिवसांनी लाल शाईसकट परत मिळतो. साथ, युद्ध, भूकंप किंवा सरकारी हुकूम यांनी शाळेचे दार बंद झाले की तो एकदम डोळ्यांत भरतो. दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा पहिल्या प्रवासाच्या साधनांनी सांगितला जातो: छापखाना, रेडिओ, दूरचित्रवाणी, इंटरनेट. पण बंद शाळेने मुलांना खरोखर काय दिले, हे ठरले ते दुसऱ्या प्रवासावर. या लेखात त्या परतीच्या वाटेचा मागोवा घ्यायचा आहे.

न्यूटनला गृहपाठ नव्हता

साथीच्या काळातल्या अभ्यासाचे सर्वांत लाडके उदाहरण न्यूटनचे. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ ओस पडले. न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला आणि पुढची जवळपास दोन वर्षे, मधला थोडा काळ सोडता, तिथेच राहिला. कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवरच्या त्याच्या विचारांची सुरुवात याच काळातली मानली जाते. २०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट विद्यार्थ्यांना इतक्यांदा ऐकवली गेली की तिचा उपदेशच झाला.

या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. विद्यापीठ बंद होण्याआधीच, १६६५ च्या सुरुवातीला, न्यूटनला बी.ए.ची पदवी मिळाली होती. त्याच्याकडून कोणाला काही लिहून यायचे नव्हते आणि कोणी त्याचे काही तपासणारही नव्हते. सतराव्या शतकात विद्यापीठ बंद होणे म्हणजे शिकवणे थांबणे. घरी गेलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न विद्यापीठाने स्वतःला विचारला नाही. न्यूटन स्वतःच स्वतःला उत्तर देऊ शकत होता. सर्वसाधारण विद्यार्थ्याला दुसऱ्याचे उत्तर लागते, आणि शाळा असते ती त्याच्यासाठी.

एका पेनीचे तिकीट

परतीची वाट प्रथम मोकळी केली ती टपालाने. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झाले. त्याआधी टपालखर्च अंतरावर ठरे आणि बहुतेकदा तो पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. आता अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. बाथ येथे राहणाऱ्या आयझॅक पिटमनने १८३७ मध्ये आपली लघुलिपी प्रसिद्ध केली होती. पेनी पोस्ट सुरू होताच तो टपालाने लघुलिपी शिकवू लागला. विद्यार्थ्याने दिलेला उतारा लघुलिपीत उतरवायचा आणि टपालाने पाठवायचा. चुका दुरुस्त होऊन तो परत यायचा. पुढे तपासण्याचे काम इतके वाढले की १८४३ मध्ये त्यासाठी स्वयंसेवकांची एक मंडळी उभी राहिली. ही मंडळी नवशिक्यांचे पाठ विनामूल्य दुरुस्त करून देत.

लघुलिपीचे पुस्तक पिटमनच्या आधीही टपालाने जाऊ शकत होते. नवे होते ते दुरुस्त होऊन परत येणे. पिटमनच्या पद्धतीचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. स्वस्त तिकिटाने विद्यार्थ्याला प्रश्न विचारणे आणि चुका दाखवून घेणे परवडू लागले.

अमेरिकेत १८७३ मध्ये ॲना टिकनर यांनी बॉस्टनमध्ये घरबसल्या अभ्यासाला उत्तेजन देणारी एक संस्था काढली. तिच्या विद्यार्थिनी घरसंसारात अडकलेल्या स्त्रिया होत्या आणि शिकवणाऱ्याही बहुतेक स्त्रियाच, त्याही बिनपगारी. पुस्तके टपालाने उसनी मिळत. विद्यार्थिनीने वाचलेले टिपून पाठवायचे आणि मार्गदर्शिकेने त्यावर पत्र लिहायचे. चोवीस वर्षांत सात हजारांहून अधिक स्त्रिया या रीतीने शिकल्या. टिकनरबाईंच्या निधनानंतर, १८९७ मध्ये, संस्था बंद झाली. संस्थेचे खरे भांडवल ती पत्रे लिहिणारी माणसे होती.

याच काळात दुसरी एक वाट तयार झाली, आणि आपल्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा महाविद्यालयाबाहेरच्या उमेदवारांनाही खुल्या केल्या. कुठेही शिका, कसेही शिका, परीक्षा मात्र आमची द्या. यात उत्तर विद्यापीठाकडे जात होते, पण शेरा परत येत नव्हता. परत येत होता फक्त निकाल. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे निघालेली विद्यापीठे याच लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारली गेली. शिकवणे महाविद्यालयांनी करायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. उत्तरपत्रिका गेली की गेली, तिच्यावर परीक्षकाने काय लिहिले हे विद्यार्थ्याला कळू नये, ही आपल्याकडची रीत तिथूनच रुळत गेली. 'पेपर तपासला' याचा अर्थ आपण 'गुण दिले' असा घेतो, तो या परंपरेतून.

तारेच्या कुंपणामागची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धात परतीच्या वाटेची सर्वांत अवघड कसोटी लागली. युद्धकैद्यांच्या बौद्धिक आणि क्रीडाविषयक उपक्रमांना उत्तेजन द्यावे, असे १९२९ च्या जिनिव्हा करारात म्हटले होते. जर्मनांच्या ताब्यातल्या हजारो ब्रिटिश कैद्यांमध्ये शिक्षण अर्धवट राहिलेले तरुण पुष्कळ होते. कोणी कायद्याचा विद्यार्थी, कोणी हिशेबनीस, कोणी बँकेतला उमेदवार, कोणी तंत्रज्ञ. रेड क्रॉसने त्यांच्यासाठी शैक्षणिक पुस्तकांचा एक स्वतंत्र विभाग काढला. ऑक्सफर्डमधल्या बॉडलियन ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत त्याचे काम चाले. कैद्याने मागितलेले पुस्तक शोधायचे, सेन्सॉरला चालेल याची खात्री करायची आणि तटस्थ देशांमार्गे छावणीत पाठवायचे.

नुसती पुस्तके पाठवून हे लोक थांबले नाहीत. लंडन विद्यापीठ, व्यावसायिक संस्था आणि तांत्रिक परीक्षा मंडळे यांच्याशी बोलून त्यांनी छावण्यांमध्ये परीक्षा घडवून आणल्या. प्रश्नपत्रिका टपालाने जात. छावणीतलाच एखादा वरिष्ठ कैदी पर्यवेक्षक होई. उत्तरपत्रिका दोन्ही बाजूंच्या सेन्सॉरच्या हातांखालून इंग्लंडला परत येत. निकाल लागून तो छावणीत कळायला कित्येक महिने जात आणि तोवर कैद्याला दुसऱ्या छावणीत हलवलेले असण्याचीही शक्यता असे. तरीही हजारो कैदी या परीक्षांना बसले आणि त्यांतले पुष्कळ उत्तीर्ण झाले.

या व्यवस्थेतला विश्वासाचा भाग विशेष आहे. पर्यवेक्षक उमेदवाराचाच सोबती, तोही कैदी. कॉपी झाली की नाही हे लंडनला बसून कोणी पाहू शकत नव्हते. परीक्षा मंडळांनी ते माहीत असूनही उत्तरपत्रिका तपासल्या आणि प्रमाणपत्रे दिली. युद्ध संपल्यावर ती प्रमाणपत्रे खरीखुरी म्हणून चालली. कैदेत मिळालेले प्रमाणपत्र कमी प्रतीचे, असे संस्थांनी मानले असते, तर त्या मुलांची ती वर्षे दुसऱ्यांदा वाया गेली असती.

उलट बोलणारा रेडिओ

युद्धानंतर लगेच पुन्हा पोलिओ आला, या वेळी न्यूझीलंडमध्ये. १९४७ च्या अखेरीस सुरू झालेल्या साथीमुळे उन्हाळी सुटीनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, उघडायच्या शाळा बंदच राहिल्या. शिकागोकडे अकरा वर्षांपूर्वी नव्हते असे एक साधन न्यूझीलंडकडे होते. १९२२ मध्ये दूरच्या मेंढपाळ वस्त्यांवरच्या आणि दीपगृहांवरच्या मुलांसाठी तिथे सरकारी टपालशाळा निघाली होती. सुरुवातीला तिच्यात एकच शिक्षिका होती. १९४८ पर्यंत टपालाने पाठ पाठवणे आणि आलेल्या वह्या तपासून परत करणे यांत ही शाळा मुरली होती. साथ येताच तिचे पाठ साऱ्या देशाच्या मुलांच्या कामी आले. मूठभर एकाकी मुलांसाठी शांतपणे चालवलेली व्यवस्था संकटात सगळ्यांना पुरली.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला. तिथे वस्त्यांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असे. आजाऱ्यांसाठी विमानातून येणारे डॉक्टर होते आणि त्यांना बोलावण्यासाठी घरोघरी दुतर्फा रेडिओ होते. आल्फ्रेड ट्रेगर याने बनवलेला रेडिओ पायाने पेडल मारून चाले, कारण वीज नव्हती. या डॉक्टरसेवेच्या कामात असलेल्या शिक्षणतज्ज्ञ ॲडलेड मीथके यांच्या मनात आले की याच रेडिओवर शाळाही भरवता येईल. जून १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथून तशी शाळा सुरू झाली. लेखी पाठ पूर्वीप्रमाणे टपालाने येत-जात. आरंभी रेडिओवर शिक्षिका बोलत आणि मुले ऐकत. लवकरच पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला गेला, आणि मग मुले बोलू लागली. एकमेकांपासून दिवसभराच्या अंतरावर राहणारी मुले एकमेकांचे आवाज ओळखू लागली. शिकागोचा रेडिओ फक्त सांगत होता. ॲलिस स्प्रिंग्जचा रेडिओ ऐकतही होता.

हुकमाने बंद झालेले विद्यापीठ

आतापर्यंतच्या उदाहरणांत सरकार शाळेच्या बाजूने होते. नेहमी तसे नसते. पश्चिम किनाऱ्यावरचे, म्हणजे इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशातले, बीरझैत विद्यापीठ पहिल्या इंतिफादाच्या काळात जानेवारी १९८८ मध्ये लष्करी हुकमाने बंद करण्यात आले. ते पुन्हा उघडू लागले एप्रिल १९९२ मध्ये, एकावन्न महिन्यांनी. त्या प्रदेशातल्या इतर पॅलेस्टिनी विद्यापीठांवरही अशीच बंदी होती.

बीरझैतच्या प्राध्यापकांनी घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत वर्ग घ्यायला सुरुवात केली. दहा-पंधरा विद्यार्थी एखाद्याच्या दिवाणखान्यात जमत. संचारबंदी लागली की तास रद्द होत. असे वर्ग भरवणे हाच गुन्हा मानला जाई, त्यामुळे कागदपत्रे बाळगण्यातही जोखीम होती. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय कुलपांआड होते. चार वर्षांच्या पदवीला कित्येकांना सात-आठ वर्षे लागली. पण पदवी देताना विद्यापीठाने अभ्यासक्रम कापून टाकला नाही. काम लिहून घेतले, तपासले आणि मगच पुढे पाठवले. परतीची वाट इथे माणसांच्या पायांवर चालत होती. शिक्षकाचे घर हीच टपालपेटी होती. गाबी बारामकी त्या काळात विद्यापीठाचे प्रभारी प्रमुख होते. विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, हे आपण अनेकदा सहज बोलून जातो. त्यांच्या सहकाऱ्यांना ते रोज सिद्ध करावे लागत होते.

वाळवंटातून आलेली प्रणाली

ऑस्ट्रेलियातल्या त्या रेडिओशाळांचे एक टोक थेट आपल्यापर्यंत येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत मार्टिन डुगियामास नावाचा मुलगा वाढला. त्याची शाळा रेडिओवर भरे आणि अभ्यासाचे कागद विमानातून येत. मोठेपणी पर्थमधल्या कर्टिन विद्यापीठात संगणकाचे काम करताना त्याने संगणकावरून शिक्षण चालवण्यासाठी एक प्रणाली लिहायला घेतली. ऑगस्ट २००२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिचे नाव मूडल. ती कोणालाही फुकट वापरता येते आणि गरजेप्रमाणे बदलताही येते. त्यामुळे जगभरच्या महाविद्यालयांनी ती उचलली. मुंबईच्या आयआयटीतही ती वापरली जाते.

मूडलमध्ये चर्चा, चाचणी अशा अनेक सोयी आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची सोय म्हणजे स्वाध्याय जमा करणे. विद्यार्थी आपले लेखन चढवतो, त्यावर तारीख-वेळ उमटते, शिक्षक त्याच पानावर शेरा लिहितो आणि तो विद्यार्थ्याला दिसतो. पिटमनच्या पेनी पोस्टचे दोन्ही प्रवास एका पानावर आले.

या साधनाची कसोटी न्यूझीलंडमध्येच लागली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी क्राइस्टचर्चला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. १८५ माणसे दगावली. कँटरबरी विद्यापीठाचे सत्र नुकतेच सुरू झाले होते. इमारती तपासून होईपर्यंत आत जाता येत नव्हते, ग्रंथालये बंद होती. काही आठवड्यांत मोटारी लावायच्या जागेवर मोठे तंबू ठोकून तिथे व्याख्याने सुरू झाली आणि बाकीचे काम संगणकावर नेले गेले. ऑक्सफर्ड आणि ॲडलेड विद्यापीठांनी काही विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी सामावून घेतले. दरम्यान शहरात जमिनीतून वर आलेला गाळ उपसायला हजारो विद्यार्थी फावडी घेऊन उतरले होते.

आता अशा विद्यार्थ्याचा स्वाध्याय उशिरा आला तर संगणक काय करतो? मुदत संपून किती तास झाले ते तो अचूक दाखवतो. मुलाच्या घरात वीज नव्हती, किंवा तो शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या अंगणातला गाळ काढत होता, हे त्याला दिसत नाही. ते शिक्षकालाच विचारून घ्यावे लागते. यंत्राने वहीचा प्रवास एका क्षणावर आणला. वही का थांबली हे समजून घेण्याचे काम पूर्वीइतकेच माणसाचे राहिले.

आपल्याकडची दोन वर्षे

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या गुणांवरून त्याचे गुण ठरवले गेले. तेव्हा ही तात्पुरती अडचण वाटली होती. पुढच्या दोन वर्षांत कळले की आपली सगळी इमारत शेवटच्या लेखी परीक्षेच्या एका खांबावर उभी आहे.

दूरशिक्षणाचा अनुभव आपल्याकडे नव्हता असे नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघाले. तिथल्या अनेक अभ्यासक्रमांत ३० टक्के भार स्वाध्यायांना आहे, आणि समुपदेशकाने त्यांवर शेरा लिहून ते परत करणे अपेक्षित असते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मुक्त शिक्षणाचा आयुष्यभर पुरस्कार केला. न्यूझीलंडच्या टपालशाळेप्रमाणे ही विद्यापीठे संकटात सर्वांची शाळा होऊ शकली असती. पण आपण त्यांना नेहमी दुय्यम मानत आलो. नियमित महाविद्यालयांनी त्यांच्याकडून काही शिकावे, हे कोणाच्या मनातच आले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मधल्या सत्रांसाठी एक तोडगा सुचवला. परिस्थिती सुधारली नाही तर निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे मागच्या सत्राचे धरावेत. ज्या अंतर्गत गुणांकडे आपण वर्षानुवर्षे हातचे गुण म्हणून पाहिले, त्यांवर एकाएकी निम्मा निकाल ठरणार होता. ज्या महाविद्यालयाने स्वाध्याय नीट घेतले आणि तपासले होते, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही होते. बाकीच्यांकडे नुसते आकडे होते.

अंतिम वर्षाचा वाद न्यायालयात गेला. राज्य सरकारला परीक्षा नको होती, आयोगाने ६ जुलैच्या सूचनांत त्या सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: राज्याला तारीख पुढे नेण्याची परवानगी मागता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग ऑक्टोबरच्या सुमारास बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घरोघरी मोबाइलवर झाल्या. त्याआधी जुलैमध्ये कृषी महाविद्यालयांच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असे छापून आल्याच्या बातम्यांनी गदारोळ उडाला होता. छावणीतल्या कैद्याच्या प्रमाणपत्रावर तो कैदी होता असा शिक्का नव्हता. आपल्या मुलांच्या बाबतीत तो विश्वास दाखवायला आपण कचरलो.

शाळांच्या पातळीवर 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम निघाली. पाठ जात राहिले: व्हॉट्सॲपवर, दूरचित्रवाणीवर, दीक्षा ॲपवर. परतीच्या वाटेवर होते ते वहीच्या पानांचे फोटो. अंधुक, आडवे, अर्धे कापलेले, आई-बाबा कामावरून परतल्यावर रात्री पाठवलेले. एका शिक्षकाकडे पन्नास-साठ मुलांचे असे फोटो आले की फोनची साठवण भरे. बहुतेकांना परत मिळे तो एक अंगठा. ज्या घरात एकच फोन होता किंवा तोही साधा होता, तिथून काहीच येत नसे. काही शिक्षक वाड्यावस्त्यांवर फिरून वह्या गोळा करत, ओसरीत बसून तपासत. त्यांच्या कामाची नोंद कोणत्याही प्रणालीत झाली नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याने व्हॉट्सॲपवरून दर आठवड्याला प्रश्न पाठवणारी एक योजना सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'स्वाध्याय' हा शब्द साधला होता. मुलाने पर्याय निवडायचा, यंत्राने बरोबर-चूक लगेच सांगायचे. लाखो मुलांपर्यंत पोहोचायला तिचा उपयोग होता, आणि मुलाला काही ना काही उत्तर मिळत होते, हेही खरे. पण निवडलेल्या पर्यायावरून मूल कुठे अडले ते कळत नाही. हातच्याची बेरीज विसरले की प्रश्नच वाचता आला नाही, हे वहीत दिसते.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिक यांचे २० असे १०० गुण धरले गेले. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यावर विनोद झाले. अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा घेण्याचे सरकारने ठरवले, ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या निकालाची थट्टा मुलांच्या वाट्याला आली. खरे तर तो आपल्या वह्या तपासण्याच्या सवयीचा निकाल होता. वर्षभराच्या कामाला गुण द्यायची वेळ आली तेव्हा ते काम कोणी बारकाईने पाहिले होते का, असा प्रश्न लोकांना पडला आणि त्याचे उत्तर पुष्कळ शाळांकडे नव्हते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक शाळांची निवाराकेंद्रे झाली. पुढेही कधी पूर येईल, कधी उष्णतेची लाट, कधी नवी साथ, आणि वर्ग पुन्हा बंद होतील. त्या दिवसाची तयारी म्हणून आपण टॅब घेतो, चित्रफिती बनवतो. ते हवेच. पण प्रत्येक शाळेने एका कागदावर आणखी थोडे लिहून ठेवायला हवे: या गावातल्या कोणत्या मुलाची वही कोणत्या वाटेने, कोणाच्या हाती परत येईल; ती कोण वाचेल; आणि किती दिवसांत त्यावर लिहून मुलाला परत देईल. फोन नसलेल्या मुलाचे नाव त्या यादीत सर्वांत वर असावे.